नडगीचं हाड ७ महिन्यांनीही जुळेना, पीईएमएफ मशीन लावायचं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. वडील ५८ वर्षांचे, नडगीच्या हाडाला खालच्या भागात फ्रॅक्चर, रॉड टाकून ७ महिने झाले, एक्सरेत रेघ अजून दिसतेच आहे, पायावर भार दिला की दुखतं, डायबिटीस आहे आणि तंबाखू पूर्ण सुटलेला नाही. सर्जन म्हणतात एकतर परत ऑपरेशन करू नाहीतर आधी तीनेक महिने पीईएमएफचं मशीन (पायाबाहेर कॉइल ठेवून चालू-बंद होणारं चुंबकीय क्षेत्र देणारं) लावून बघू, आणि घरात दोन मतं पडलीत, कोणी म्हणतं मॅग्नेटने कधी हाड जुळतं का, कोणी म्हणतं ऑपरेशन टळत असेल तर आजच आणा.

मी बरीच वर्षं अशी अडलेली फ्रॅक्चर्स बघतोय, हे मशीन कितीतरी पेशंटना दिलंय आणि तितक्याच जणांना नकोही म्हटलंय. त्यामुळे माझं मत आधीच सांगतो: मशीनमध्ये दम आहे, पण ज्या हाडात जुळायची तयारी आहे त्यालाच ते पुढे ढकलतं. वडिलांचं हाड त्यात बसतं का हे आधी तपासून घ्या, मग मशीनचं ठरवा. उलट क्रमाने केलंत तर तीन महिने हातचे जातात आणि या वयात, त्यात शुगर असताना, तीन महिने पाय जपून बसणं म्हणजे स्नायू वाळतात, घोटा आखडतो, ते परत मिळवायला फार कष्ट पडतात.

आता मॅग्नेटने हाड कसं जुळेल ही शंका अगदी रास्त आहे, तर ते आधी. १९५७ मध्ये जपानमध्ये फुकादा आणि यासुदा या दोघांनी दाखवलं की हाडावर दाब दिला की त्यात बारीकसा विद्युतदाब तयार होतो. पुढे अमेरिकेत बॅसेट आणि बेकर यांनी १९६२ मध्ये त्यावर काम केलं, आणि लक्षात आलं की वाकवलेल्या हाडाची जी बाजू दाबली जाते ती निगेटिव्ह होते आणि नवीन हाडही त्याच बाजूला जास्त तयार होतं. म्हणजे हाडाच्या पेशी विजेच्या भाषेतले संकेत ओळखतात. मग विचार असा आला की फ्रॅक्चर झालेल्या पायावर माणूस भार देऊ शकत नाही, तो नैसर्गिक संकेत बंद पडलेला असतो, तर तो बाहेरून देता येईल का. सुरुवातीला त्यासाठी हाडात तारा खुपसून अगदी थोडा, म्हणजे २० मायक्रोअँपियरच्या आसपास करंट सोडायचे, पण त्याला चिरफाड लागायची. १९७४ मध्ये बॅसेट, पॉलुक आणि पिला यांनी कातडीला हातही न लावता बाहेरून कॉइल ठेवून तेच करून दाखवलं, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अशा मशीनला मान्यता दिली. म्हणजे ही काही परवा आलेली गोष्ट नाही.

कॉइलमधून करंट चालू-बंद, चालू-बंद होत राहतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि बदलत्या क्षेत्रामुळे आतल्या टिश्यूत अगदी बारीक विद्युतप्रवाह तयार होतो. इथे बदलतं हा शब्द महत्त्वाचा, नुसता मॅग्नेट पायाला बांधून ठेवला तर आत काहीच तयार होत नाही, म्हणून मॅग्नेटचे पट्टे, कडी, चुंबकवाली गादी यांचा आणि या मशीनचा काडीचा संबंध नाही, ते कोणी सुचवत असेल तर सरळ बाजूला ठेवा. क्षेत्राची ताकद फार नसते, साधारण २ मिलीटेस्लापर्यंत, आणि एमआरआयच्या मशीनमध्ये साधारण १.५ टेस्ला, म्हणजे १५०० मिलीटेस्ला असतं, यावरून अंदाज येईल. पेशंटला काहीही जाणवत नाही, ना गरम लागत ना झिणझिण्या येत, आणि नेमकं त्यामुळेच आठवड्याभरात लोकांना वाटतं की मशीन बिघडलंय. ते तसं नसतं, न जाणवणंच नॉर्मल आहे.

पेशींच्या पातळीवर बघितलं तर लॅबमध्ये हे दिसलंय की या क्षेत्रात हाड तयार करणाऱ्या पेशींच्या आत कॅल्शियमची हालचाल बदलते, आणि बीएमपी, टीजीएफ बीटा असे हाड वाढवणारे प्रोटीन जास्त बनतात. पण लॅबच्या डिशमधली पेशी आणि ५८ वर्षांच्या, शुगर असलेल्या माणसाची नडगी यात खूप अंतर आहे, त्यामुळे माणसांवरच्या अभ्यासात काय दिसलं ते बघायला हवं. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण घरात जी दोन मतं पडलीत त्या दोन्ही बाजूंना आधार देणारे अभ्यास खरोखर आहेत.

बॅसेट यांच्याच टीमने १९८१ मध्ये न जुळलेल्या १२७ नडगीच्या फ्रॅक्चर्सचा अनुभव छापला, त्यात ८७ टक्के जुळली. आकडा बघून कोणीही खूश होईल. अडचण एवढीच की त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, सगळ्यांनाच मशीन होतं, आणि सगळ्यांचा पाय प्लास्टरमध्ये नीट जखडलेला पण होता, मग हाड मशीनने जुळलं की हालचाल बंद झाल्याने, हे सांगता येत नाही. १९८४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी चाचणी आली, १६ पेशंट, निम्म्यांच्या आसपास लोकांना चालू मशीन आणि बाकीच्यांना हुबेहूब तसंच दिसणारं पण आतून बंद मशीन, कोणाला काय मिळालंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. चालू मशीनवाल्या ९ पैकी ५ जुळले आणि बंद मशीनवाल्या ७ पैकी ५ जुळले! आकडे फार लहान आहेत, त्यावरून मशीन कुचकामी असं म्हणता येत नाही. पण मला त्यातून मोठी गोष्ट मिळाली ती ही, की वर्षभर अडून बसलेलं हाडसुद्धा नीट स्थिर ठेवलं आणि भार काढून घेतला तर मशीनशिवाय जुळू शकतं.

मग १९९० मध्ये शॅरर्ड यांची चाचणी आली आणि ती तुमच्या केसच्या जवळ जाते. नडगीचं फ्रॅक्चर, १६ ते ३२ आठवडे होऊनही न जुळलेलं, एकूण ४५ पेशंट, २० जणांना चालू मशीन, २५ जणांना बंद, १२ आठवडे. चालू मशीनवाल्यांत ५ पूर्ण जुळले, ५ जुळायच्या मार्गावर होते, १० जणांना फरक नाही. बंद मशीनवाल्यांत १ जुळला, १ मार्गावर, आणि २३ जण होते तिथेच. हा फरक खरा वाटण्यासारखा आहे, मी मशीन सुचवतो त्यामागे मुख्य आधार हाच. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा: चालू मशीन असूनही निम्म्या लोकांना उपयोग झाला नाही, आणि ते सगळे पेशंट प्लास्टरवाले होते, तुमच्या वडिलांना रॉड आहे.

ताज्या फ्रॅक्चरसाठी मात्र मी हे देत नाही. २०११ मध्ये नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरच्या २५९ पेशंटवर मोठी चाचणी झाली आणि मशीन वापरल्याने पुढची ऑपरेशन्स काही कमी झाली नाहीत. त्याच वर्षी कॉक्रेन या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने उशिरा किंवा न जुळणाऱ्या फ्रॅक्चरवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र करून बघितले, उपयोगाकडे कल दिसला पण ठाम म्हणण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. २०१६ मध्ये विद्युत पद्धतीच्या १५ चाचण्यांचं एक विश्लेषण आलं, त्यात एक्सरेवर न जुळलेलं राहण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी दिसलं, दुखणंही थोडं कमी, पण चालणं-फिरणं किती सुधारलं यात फरक सापडला नाही. हे सगळं एकत्र धरून माझं मत असं बनलंय की उशिरा जुळणाऱ्या, स्थिर असलेल्या लांब हाडाला मधल्या टप्प्यावर हे मशीन लावणं योग्य आहे, आणि सगळ्यांना सरसकट लावणं योग्य नाही.

(अल्ट्रासाउंडचं पण असंच एक मशीन असतं, रोज २० मिनिटं लावायचं, लोक दोन्हींची गल्लत करतात. त्याची नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरवर ५०१ पेशंटची चाचणी २०१६ मध्ये आली आणि काहीही फायदा दिसला नाही. तुमच्या सर्जननी नेमकं कोणतं म्हटलंय ते विचारून घ्या.)

आता खरा मुद्दा, हाड अडलं कशामुळे. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठा मुळातच कमी, आजूबाजूला स्नायू नाहीत, कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे तिथे उशीर होणं नवीन नाही. पण तेवढ्यावर सोडून देऊ नका, चार गोष्टी तपासायलाच हव्यात.

पहिली म्हणजे फ्रॅक्चर आतून हलतंय का. रॉड आहे म्हणजे पक्कंच असेल असं धरू नका. रॉडचे स्क्रू तुटलेत का, स्क्रूभोवती एक्सरेत काळी कड दिसते का, रॉड हाडाच्या पोकळीच्या मानाने बारीक आहे का, हे सर्जनना विचारा. स्विस संशोधक पेरेन यांनी याचं गणित मांडलंय. पक्कं हाड साधारण २ टक्के ताणापर्यंतच तयार होऊ शकतं, कूर्चा १० टक्क्यांपर्यंत तग धरते, आणि फ्रॅक्चरनंतर सुरुवातीला जी मऊ टिश्यू येते ती १०० टक्के ताणसुद्धा सहन करते. आता १ मिलीमीटरच्या फटीत अर्धा मिलीमीटर हालचाल होत असेल तर ताण झाला ५० टक्के, तिथे मऊ टिश्यू जगेल पण हाड होणार नाही, कितीही महिने मशीन लावा. एक्सरेत दोन्ही टोकांना भरपूर नवीन हाड गोळा झालंय, टोकं रुंद झालीत, पण मधली रेघ भरत नाहीये असं दिसत असेल तर तो याचाच पुरावा असतो, पेशी काम करतायत पण जागा स्थिर नाही. अशा वेळी आधीपेक्षा जाड रॉड बदलून टाकणं हा उपाय चांगला लागू पडतो आणि मी तिथे मशीनवर वेळ घालवत नाही. याउलट टोकं बारीक, निमुळती, पेन्सिलीसारखी झाली असतील तर तिथे जीवच कमी आहे, त्याला बोन ग्राफ्ट म्हणजे बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून घेतलेलं हाड भरावं लागतं, तिथेही मशीन एकटं पुरत नाही. मशीनचे खरे उमेदवार या दोन्हींच्या मधले.

दुसरी गोष्ट इन्फेक्शन. अपघातात जखम उघडी होती का हे तुम्ही लिहिलं नाहीये, ते फार महत्त्वाचं आहे. पू येत असेल, टाक्याच्या जागी अधूनमधून ओलं होत असेल, रात्री ठणकत असेल तर ते आधी. सीआरपी आणि ईएसआर ह्या साध्या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, आणि ते नॉर्मल आले म्हणजे इन्फेक्शन शंभर टक्के नाही असंही नसतं, दबून बसलेलं इन्फेक्शन रक्तात दिसत नाही कधीकधी, तिथे सर्जनचा अनुभव आणि गरज पडली तर आतल्या टिश्यूचं कल्चर लागतं.

तिसरी, मधलं अंतर. दोन टोकांमध्ये १ सेंटिमीटरपेक्षा जास्त किंवा हाडाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त गॅप असेल तर मशीनचा विचार सोडा. साध्या एक्सरेत रॉडमुळे नीट दिसत नाही, म्हणून सीटी स्कॅन एकदा करून घ्या, त्यात हाडाच्या चार बाजूंपैकी किती बाजूंना पूल बांधला गेलाय ते कळतं. तीन बाजू जुळल्या असतील तर बहुधा काहीच न करता थांबणं पुरेल. आणि त्या जागी खोटा सांधा तयार होऊन आत पाणी धरलं असेल तर तिथेही मशीन उपयोगाचं नाही.

चौथी गोष्ट शरीराची, आणि इथे मला तुमच्याशी जरा कळकळीने बोलायचंय. ३७ पेशंटचा एक अभ्यास २००७ मध्ये छापला गेला, हाड न जुळण्याचं कारण सर्जनना सापडत नव्हतं म्हणून त्यांना हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर ३७ पैकी ३१ जणांत काही ना काही गडबड निघाली, आणि २५ जणांना व्हिटॅमिन डीची कमतरता होती. तर व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, थायरॉइड, पॅराथायरॉइड, किडनीच्या तपासण्या, आणि शुगरसाठी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी), हे सगळं या आठवड्यातच करून घ्या, मशीनपेक्षा कितीतरी सोपं काम आहे. दुखण्याच्या गोळ्या ते सात महिने रोज घेत असतील तर त्याही डॉक्टरना दाखवा, त्यातल्या काही हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात. आणि तंबाखू. ओढायचा असो की चघळायचा, निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, ज्या भागात रक्त आधीच कमी तिथे ते अजून कमी होतं. तुमच्या वडिलांना मी समोर बसवून हेच सांगितलं असतं की तुम्ही मशीन लावा, नका लावू, पण तंबाखू आज बंद. घरच्यांनी रागावून हे होत नाही, त्यासाठी औषधं आहेत, समुपदेशन आहे, त्याची मदत घ्या.

हे सगळं करून फ्रॅक्चर स्थिर, इन्फेक्शन नाही, गॅप कमी असं निघालं तर मी म्हणेन मशीन जरूर लावा. एक तांत्रिक गोष्ट, एफडीएच्या जुन्या व्याख्येत दुखापतीला ९ महिने आणि शेवटचे ३ महिने काहीच प्रगती नाही, अशा फ्रॅक्चरला न जुळलेलं म्हणतात. वडिलांचे ७ महिने झालेत, म्हणजे त्यांचं अजून उशिरा जुळणारं आहे, न जुळलेलं नाही, आणि शॅरर्ड यांच्या चाचणीतले पेशंट साधारण याच टप्प्यावरचे होते.

रॉड आहे म्हणून घाबरू नका. टायटॅनियम किंवा इम्प्लांटचं स्टील या क्षेत्राने ओढलं जात नाही, तापतही नाही. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कुठलं इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल तर मात्र आधी ते बसवणाऱ्या डॉक्टरांची परवानगी लागेल, तोवर कॉइल लावायची नाही. गरोदरपणातही देत नाहीत. फ्रॅक्चर कॅन्सरच्या गाठीमुळे झालेलं असेल तर अजिबात नाही.

वापरताना सगळ्यात जास्त घोळ दोन ठिकाणी होतो. एक, कॉइलची जागा. क्षेत्राची ताकद अंतराने झपाट्याने कमी होते, कॉइल चार बोटं वर सरकली तर फ्रॅक्चरला जवळजवळ काहीच पोचत नाही. माझ्याकडे एक पेशंट यायचे, रोज न चुकता लावायचे, पण पट्टा ढिला असल्याने रात्रीतून कॉइल पार पोटरीवर जायची. पहिल्याच दिवशी एक्सरे बघून फ्रॅक्चरची जागा कातडीवर पेनने खूण करून घ्या आणि कॉइलचा मध्य तिथे ठेवा. पायजम्यावरून, बँडेजवरून, प्लास्टरवरून लावलं तरी चालतं.

दोन, तास. जुनी मशीन्स रोज १० तास लावायची होती, हल्लीची काही ३ तासांची आहेत, मशीनप्रमाणे वेगळं असतं, तुमच्या मशीनला जे सांगितलंय तेच पाळा. १९९१ मधल्या एका अभ्यासात रोज सरासरी ३ तासांपेक्षा कमी वापरणाऱ्यांत यश जेमतेम ३६ टक्के होतं आणि त्याहून जास्त वापरणाऱ्यांत ८० टक्के. यातला थोडा वाटा असाही असेल की जो माणूस मशीन नेमाने लावतो तो बाकीचं पथ्यही पाळतो, पण तरी फरक मोठा आहे. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लावून भरपाई होते असं मी धरत नाही. बहुतेक मशीनमध्ये किती तास वापरलं त्याची नोंद आपोआप होते, दर भेटीला ती सर्जनना दाखवा. झोपताना लावणं सगळ्यात सोयीचं पडतं, फक्त पट्टा घट्ट आणि चार्जिंग पूर्ण हवं. आणि शुगरवाल्या माणसाच्या पायाला संवेदना कमी असू शकते, पट्ट्याने कातडी घासली तर त्यांना कळणार नाही, म्हणून रोज सकाळी पट्टा काढून कातडी तुम्ही स्वतः बघा.

पायावर भार किती द्यायचा हे स्वतः ठरवू नका. रॉडच्या प्रकारावर आणि स्थिरतेवर ते अवलंबून असतं, काहींना थोडा भार दिलेला फायद्याचा ठरतो, काहींना पूर्ण बंद. सर्जनकडून नेमकं सांगून घ्या, म्हणजे कुबड्या एक की दोन, पाय किती टेकायचा, वगैरे. आणि मशीन चालू आहे म्हणून जपणं सोडून द्यायचं असं होऊ देऊ नका.

सुरू करायच्या आधीच थांबायची तारीख ठरवून टाका. आज एक एक्सरे, मग सहा आठवड्यांनी, मग बारा आठवड्यांनी, तिन्ही वेळेला त्याच अँगलने काढायला सांगा नाहीतर तुलना करता येत नाही. सहा आठवड्यांत एक्सरेवर काही दिसलं नाही तर लगेच नाउमेद होऊ नका, हाड एक्सरेत उशिरा उमटतं, दुखणं कमी होणं बऱ्याचदा त्याच्या आधी येतं. बारा आठवड्यांनी मात्र स्पष्ट प्रगती हवी, रेघ पुसट होणं, एखाद्या बाजूला पूल धरणं, आणि शंका वाटली तर सीटी. प्रगती असेल तर जुळेपर्यंत चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर मशीन परत करा आणि ऑपरेशनला जा, मशीन लावल्यामुळे ऑपरेशन अवघड होत नाही, आणि मधल्या काळात शुगर, व्हिटॅमिन डी आणि तंबाखूवर जे काम केलेलं असेल ते त्या ऑपरेशनलाही कामी येतं. मधेच स्क्रू तुटला, पाय वाकडा व्हायला लागला, ताप आला किंवा जखमेतून काही येऊ लागलं तर बारा आठवड्यांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जनना दाखवायचं.